प्राण्यांमधील मायावरण आणि अधिवास : वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

भातशेताच्या बांधावर किंवा साचलेल्या पाण्याच्या काठी मान आखडून उभा असलेला मातकट रंगाचा लहान बगळा विरारच्या रहिवाशांना अपरिचित नाही. तो स्तब्ध असतो तोपर्यंत चिखल, वाळके गवत आणि त्याच्या अंगावरील तपकिरी रेघा यांतील भेद सहसा जाणवत नाही. माणूस चार-पाच पावलांवर आला की तो एकाएकी उडतो आणि उडताना पांढरेशुभ्र पंख दिसतात. पुन्हा बांधावर उतरून त्याने पंख मिटले की पाहणाऱ्याला तो शोधावाच लागतो. मराठीत या पक्ष्याला ढोकरी असे नाव आहे. त्याचे दुसरे नाव 'वंचक', म्हणजे फसविणारा. आधुनिक जीवशास्त्राने ज्या घटनेची मीमांसा गेल्या दीडशे वर्षांत केली, तिची नोंद लोकनिरीक्षणाने या एका शब्दात करून ठेवली आहे.

सजीवाने आपला रंग, आकार, अंगावरील नक्षी आणि वर्तन यांच्या साहाय्याने पाहणाऱ्याच्या दृष्टीस न पडणे, किंवा दृष्टीस पडूनही न ओळखले जाणे, यास मायावरण म्हणजेच कॅमुफ्लाज असे म्हणतात. शालेय पातळीवर हा विषय बहुधा 'प्राण्यांचे आश्चर्यकारक गुण' अशा स्वरूपात शिकविला जातो. त्यामुळे मायावरण ही त्या प्राण्याच्या अंगची, कोठेही सोबत नेता येणारी वस्तू आहे, असा समज निर्माण होतो. वस्तुतः मायावरण हा प्राणी, त्याची पार्श्वभूमी आणि त्याला शोधणारी दृष्टी या तिघांमधील संबंध आहे. यांपैकी एक घटक बदलला तरी तो संबंध तुटतो. प्रस्तुत लेखात मायावरणाचे प्रमुख प्रकार वसई-विरार परिसरातील परिचित उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले असून, अधिवास झपाट्याने बदलणाऱ्या प्रदेशात या संबंधाचे काय होते याचा विचार केला आहे.

मायावरण : संकल्पना आणि अभ्यासपरंपरा :

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाला उत्क्रांतिवादाच्या मांडणीनंतर वेग आला. हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरील आपला निबंध १८६२ साली प्रसिद्ध केला. पक्ष्यांना बेचव वाटणाऱ्या फुलपाखरांचे रूप निरुपद्रवी फुलपाखरे धारण करतात, हे त्यांनी त्यात दाखविले. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६९ सालच्या आपल्या मलाय द्वीपसमूहावरील ग्रंथात, पंख मिटताच वाळक्या पानासारख्या दिसणाऱ्या कॅलिमा फुलपाखराचे वर्णन केले. एडवर्ड पोल्टन यांनी १८९० साली प्राण्यांच्या रंगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली छायाप्रकाशाच्या नियमांवरून प्राण्यांच्या गडद पाठीचा व फिकट पोटाचा अर्थ लावला. ह्यू कॉट यांचा १९४० सालचा ग्रंथ हा या सर्व विचारांचा पहिला व्यापक समन्वय मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात याच कॉट यांनी ब्रिटिश सैन्यासाठी मायावरणाचे काम केले.

येथे मायावरण आणि अनुकृती यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मायावरणात प्राणी लपतो. अनुकृतीत तो दुसऱ्या, बहुधा धोकादायक वा बेचव प्राण्याचे रूप घेऊन उघडपणे वावरतो. बिनविषारी कवड्या साप विषारी मण्यारीसारखा दिसतो, हे अनुकृतीचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण होय. लिंबू आणि कढीपत्ता यांच्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या काही माद्या विषारी 'रोझ' फुलपाखरांसारख्या दिसतात. या माद्यांच्या रूपामागे 'डबलसेक्स' या एकाच जनुकाचे नियंत्रण असल्याचे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले. अनुकृती हा स्वतंत्र विषय असल्याने पुढील विवेचन मायावरणापुरते मर्यादित ठेवले आहे.

वसई-विरारचा अधिवास :

उत्तरेस वैतरणा नदी, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरची डोंगररांग अशी या भूभागाची ढोबळ चतुःसीमा आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव येथील वाळूचे किनारे, त्यामागील केळी, फुले व भाजीपाल्याच्या वाड्या, मग खाजण, मिठागरे व तिवरांची कांदळवने, त्यानंतर रेल्वेमार्गालगतचे दाट शहर आणि शेवटी पानझडी जंगल, असे अनेक अधिवास थोड्या अंतरात एकमेकांना लागून आहेत. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य २००३ साली घोषित झाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा म्हणूनही त्याचे महत्त्व आहे.

या प्रदेशात पार्श्वभूमी केवळ स्थळानुसार नव्हे, तर ऋतूनुसारही बदलते. जून ते सप्टेंबर या काळात डोंगर, बांध आणि माळ हिरवे असतात. फेब्रुवारी-मार्चपासून तीच भूमी तांबूस-तपकिरी होते आणि जंगलाच्या तळाशी सागाच्या व इतर वृक्षांच्या पानांचा थर साचतो. येथील प्राण्यांच्या मायावरणास या दोन्ही प्रकारच्या बदलांना सामोरे जावे लागते.

मायावरणाचे प्रकार :

(अ) पार्श्वभूमीशी एकरूपता : हा सर्वांत सोपा आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. टिटवी घरटे असे बांधतच नाही. उघड्या जमिनीवरील उथळ खळग्यात, खड्यांच्या मधोमध ती साधारणतः चार अंडी घालते. अंड्यांचा मातकट रंग आणि त्यांवरील काळसर डाग खड्यांशी इतके जुळतात की जागा ठाऊक असूनही नजर चुकते. पानगळीच्या जंगलात रातवा हा पक्षी दिवसभर वाळक्या पानांवर डोळे अर्धवट मिटून बसतो. त्याच्या पिसांवर राखी, तपकिरी आणि काळ्या रंगांची जी मिश्र नक्षी असते, ती पालापाचोळ्याचीच प्रतिकृती वाटते. वेलींमध्ये लोंबकळणारा हिरवा हरणटोळ आणि हिरव्या झुडपात दबा धरणारा चापडा ही सर्पवर्गातील उदाहरणे होत.

किनाऱ्यावरील वाळूत बिळे करणारे खेकडे याच वर्गात मोडतात. दूरवर वाळूच हलल्याचा भास व्हावा, इतका त्यांचा रंग वाळूशी मिळतो. सिंगापूरच्या किनाऱ्यावरील अशा खेकड्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे खेकडे दिवसा फिकट व रात्री गडद होत असल्याचे आढळले. प्रकाश बदलला तरी पार्श्वभूमीशी मेळ राखण्याची ही सोय आहे.

(आ) बाह्यरेषेचा भंग : पार्श्वभूमीचा रंग अंगावर असला तरी शरीराची कडा स्पष्ट दिसली तर प्राणी ओळखू येतो. म्हणून काही प्राण्यांच्या अंगावर ठळक डाग किंवा पट्टे असतात आणि ते कडेपर्यंत पोहोचून सलग आकाराचे तुकडे करतात. पाहणाऱ्याला डाग दिसतात, प्राणी दिसत नाही. इनेस कथिल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील झाडांच्या खोडांवर कागदी पतंग लावून या कल्पनेची परीक्षा घेतली. कडेला भिडणारे डाग असलेले पतंग पक्ष्यांपासून अधिक काळ सुरक्षित राहिले, असा निष्कर्ष त्यांनी २००५ साली मांडला.

तुंगारेश्वरच्या जंगलातील बिबट्या हे याचे मोठे उदाहरण आहे. पानांच्या फटींतून पडणारे कवडसे आणि त्याच्या अंगावरील गुलाबपाकळ्यांसारखे डाग एकमेकांत मिसळतात. मार्जारकुळातील प्राण्यांची नक्षी व त्यांचा अधिवास यांची तुलना करणारा ब्रिस्टल विद्यापीठातील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. दाट झाडीत, मंद प्रकाशात आणि झाडांवर वावरणाऱ्या जातींच्या अंगावर अनियमित व गुंतागुंतीची नक्षी असण्याचा कल त्यातून दिसून आला.

(इ) प्रतिछायांकन : सूर्यप्रकाश वरून पडत असल्याने एकाच रंगाच्या वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची बाजू सावलीत दिसते. या छायेमुळेच वस्तूला उठाव येतो. पाठ गडद आणि पोट फिकट असल्यास हा उठाव पुसला जातो आणि शरीर सपाट भासते. अर्नाळ्याच्या किंवा विरारच्या मासळीबाजारातील बांगडा हातात घेतला तरी हे तत्त्व समजते. त्याची पाठ निळसर-हिरवी व गडद रेषांची, तर पोट चंदेरी असते. समुद्रपक्ष्याला वरून तो खोल पाण्यात मिसळलेला दिसतो. खालून येणाऱ्या मोठ्या माशाला त्याचे पोट वरील प्रकाशात हरवलेले वाटते.

(ई) पारदर्शकता व चकाकी : मोकळ्या पाण्यात लपण्यासाठी आडोसाच नसतो. अशा ठिकाणी प्रकाश आरपार जाऊ देणे किंवा तो परावर्तित करणे हे दोन मार्ग उरतात. ताज्या बोंबलाचे अर्धपारदर्शक, काचेसारखे शरीर पहिल्या मार्गाच्या जवळ जाते. पापलेटचे चंदेरी अंग दुसऱ्या मार्गाचे उदाहरण होय; आरशासारख्या बाजूंवर सभोवतालच्या पाण्याचाच रंग उमटतो आणि मासा त्यात लोपतो.

(उ) निर्जीव वस्तूचे सोंग : या प्रकारात प्राणी दिसतो, परंतु त्याला 'खाद्य' म्हणून ओळखले जात नाही. सह्याद्रीत आढळणाऱ्या कॅलिमा फुलपाखराचे मिटलेले पंख देठासह व मधल्या शिरेसह वाळक्या पानासारखे दिसतात. काडीकिडा डहाळीसारखा दिसतो. वसईच्या वाड्यांत याहून सहज पाहता येणारी दोन उदाहरणे आहेत. लिंबू व कढीपत्त्यावरील लिंबू फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट-पांढरी असते. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात, जेव्हा तिचा आकार विष्ठेच्या मानाने फार मोठा होतो, तेव्हा ती पानासारखी हिरवी होते. आंब्याच्या पानावरील कॉमन बॅरन या फुलपाखराच्या अळीच्या पाठीवर एक फिकट सरळ रेषा असते. पानाच्या मधल्या शिरेवर ही रेषा बरोबर जुळवून अळी पसरते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे झालरीसारखे काटे पानाच्या उपशिरांत मिसळून जातात.

डहाळीसारख्या दिसणाऱ्या अळ्यांवरील २०१० सालच्या प्रयोगाने या प्रकाराचे स्वरूप स्पष्ट केले. ज्या कोंबडीच्या पिलांनी आधी खऱ्या डहाळ्या हाताळल्या होत्या, त्यांनी अळीवर चोच मारण्यास अधिक वेळ लावला. याचा अर्थ असा की, सोंग यशस्वी होण्यासाठी मूळ वस्तू परिसरात असावी लागते आणि भक्षकाला ती परिचित असावी लागते.

(ऊ) रंगबदल : तळाशी वाळूत पडून राहणारा लेप हा चपटा मासा भोवतालची वाळू व खडी डोळ्यांनी पाहून अंगावरील छटा बदलतो. माकूल कुळातील कटलफिशच्या त्वचेत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात. स्नायूंच्या साहाय्याने त्या ताणून किंवा आकुंचित करून हा प्राणी क्षणार्धात नक्षी बदलतो. विशेष म्हणजे त्याच्या डोळ्यात एकच दृष्टिरंजकद्रव्य असल्याने आपल्या अर्थाने तो रंगांध आहे. याउलट, सरड्याचा प्रत्येक रंगबदल लपण्यासाठीच असतो, ही समजूत बरोबर नाही. कुंपणावरील सरड्याच्या नराचे डोके व गळा विणीच्या काळात लालभडक होतो तो इतर नरांना व मादीला दिसावा म्हणूनच.

(ए) ऋतुमानानुसार रूपभेद : ज्याच्या अळ्या भात व इतर गवतांवर वाढतात, त्या कॉमन ईव्हनिंग ब्राउन या फुलपाखराची दोन रूपे आढळतात. पावसाळ्यात जन्मलेल्या फुलपाखरांच्या पंखांखाली स्पष्ट डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूतील पिढीत हे ठिपके जवळजवळ नाहीसे होऊन पंख निव्वळ वाळक्या पानासारखे होतात. अळी वाढत असताना तिला मिळालेले तापमान हे या भेदामागील एक प्रमुख कारण आहे. म्हणजेच, पुढे कोणती पार्श्वभूमी असणार आहे, याचा अंदाज हवामानाच्या खुणेवरून आधीच घेतला जातो. ही खूण आणि प्रत्यक्ष ऋतू यांचा मेळ जोवर राहतो, तोवरच ही योजना उपयोगी पडते.

वर्तन आणि पाहणाऱ्याची दृष्टी :

रंग व नक्षी यांच्या जोडीला योग्य वर्तन नसेल तर मायावरण निष्फळ ठरते. बॅरनच्या अळीने पानावर आडवे पसरून चालत नाही. ढोकरीने उडून चालत नाही. झांबियातील जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या अभ्यासातून २०१६ साली असे आढळले की, शेवटच्या क्षणापर्यंत घरट्यावर बसून राहणाऱ्या रातव्यांच्या बाबतीत प्रौढ पक्ष्याच्या पिसांचा पार्श्वभूमीशी असलेला मेळ महत्त्वाचा ठरतो; तर भक्षक दुरून दिसताच घरटे सोडणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांचा मेळ निर्णायक असतो. त्याच संशोधकांनी २०१७ साली दाखविले की, असे पक्षी केवळ आपल्या जातीला नव्हे, तर आपल्या स्वतःच्या वा आपल्या अंड्यांच्या रूपाला साजेशी जागा निवडतात. निवड करण्यासाठी अर्थातच अनेक प्रकारच्या जागा शिल्लक असाव्या लागतात.

तिसरा घटक म्हणजे पाहणारा. बिबट्याचा पिवळसर-तांबूस रंग माणसाला उठून दिसतो; परंतु हरणवर्गीय प्राण्यांना तांबडा व हिरवा यांत आपल्यासारखा भेद करता येत नाही. भेकराच्या दृष्टीने तो रंग पानांच्या हिरव्या-पिवळ्या छटांतच मोडतो. पक्ष्यांची रंगदृष्टी मात्र माणसापेक्षा समृद्ध असून अनेक पक्ष्यांना अतिनील किरणांचेही ज्ञान होते. त्यामुळे एखादा प्राणी 'उत्तम लपलेला' आहे, असे माणसाने ठरविणे हे शास्त्रीयदृष्ट्या अपुरे असते.

पार्श्वभूमी बदलते तेव्हा :

मायावरण हा संबंध आहे, या विधानाचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा इंग्लंडमधील ठिपकेदार पतंगाने दिला. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळवंडल्यावर, १८४८ साली मँचेस्टरमध्ये प्रथम नोंदला गेलेला काळा प्रकार काही दशकांतच तेथे बहुसंख्य झाला. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर काजळी घटली आणि फिकट प्रकार परतला. या उदाहरणावरील आक्षेपांना उत्तर देण्यासाठी मायकेल मॅजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात केंब्रिज येथे चार हजारांहून अधिक पतंगांचे निरीक्षण केले. त्यांच्या निधनानंतर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी पक्ष्यांच्या भक्षणाची भूमिका पक्की केली. बर्फाळ प्रदेशात हिवाळ्यात पांढरे होणारे ससे आता बर्फ उशिरा पडत असल्याने तपकिरी जमिनीवर पांढरे उमटून दिसतात. अशा सशांचे जगण्याचे प्रमाण घटते, हे २०१६ साली दिसून आले.

पतंगाला बदल पचविता आला, कारण त्याच्या पिढ्या वर्षागणिक होतात आणि काळा प्रकार लोकसंख्येत आधीच उपलब्ध झाला होता. प्रत्येक प्राण्याला ही सवलत मिळतेच असे नाही. वसई-विरारमधील बदलाचा वेग लक्षात घेता हा मुद्दा कळीचा ठरतो. जुलै २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. शेती, खाजण व माळ यांची जागा इमारती व रस्त्यांनी घेतली की पार्श्वभूमी केवळ बदलत नाही, ती एकसुरी होते. काँक्रीटच्या राखाडी पृष्ठभागावर तपकिरी नाकतोडा आणि हिरवी अळी दोन्ही सारखेच उघडे पडतात. डोंगरउतारावर लागणाऱ्या वणव्यानंतर पालापाचोळ्याचा थर जळून काळी जमीन उरते. ज्या नक्षीने रातव्याला वर्षानुवर्षे वाचविले, तीच तेथे उठून दिसते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मायावरणावर विसंबणारा प्राणी संकटसमयी पळत नाही. तो निश्चल होतो. डोळ्यांनी शोधणाऱ्या शत्रूविरुद्ध हे वर्तन योग्य आहे; पण वाहनाचे चाक डोळ्यांनी शोधत नाही. टिटवी बांधकामासाठी टाकलेल्या खडीवर अंडी घालते, तेव्हा रंगाचा मेळ उत्तम जुळलेला असतो आणि नेमका त्यामुळेच रोलर चालविणाऱ्याला अंडी दिसत नाहीत. रात्री रस्त्यावर बसण्याची सवय असलेला रातवा प्रकाशझोतात जागीच थबकतो. पंचतंत्रातील टिटवीची अंडी समुद्राने नेली होती आणि 'टिटवी देखील समुद्र आटविते' अशी म्हण मराठीत रूढ झाली. आजच्या टिटवीपुढील संकट समुद्राहून लहान आहे, मात्र त्याच्याशी झुंजण्याचे कोणतेही साधन उत्क्रांतीने तिला दिलेले नाही.

मायावरण आणि मानवी सुरक्षितता :

हा विषय केवळ वन्यजीवांच्या हिताचा नाही. मार्च २०२४ च्या अखेरीस वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या आढळला. वनविभागाने प्रयत्न करूनही तो जेरबंद होण्यास एप्रिलचा उत्तरार्ध उजाडला. दाट वस्तीला लागून असलेल्या पडक्या तटबंदीत आणि झुडपांत एवढा मोठा प्राणी तीन आठवड्यांहून अधिक काळ राहू शकला, ही गोष्ट बाह्यरेषाभंगाचे सामर्थ्य दाखविते. नागरिकांना 'बिबट्या दिसला नाही' म्हणजे 'बिबट्या नाही' असे समजून चालत नाही, हाही त्यातील धडा होय.

सर्पदंशाच्या बाबतीत हा धडा अधिक गंभीर आहे. फुरसे खडकाळ, तांबूस जमिनीत आणि घोणस वाळक्या पानांत मिसळून जाते. दोन्ही साप पावलांची चाहूल लागूनही बरेचदा जागेवरच राहतात. त्यांचे दंश आक्रमकतेपेक्षा न दिसण्यातून अधिक घडतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. अंधारात विजेरी वापरणे, गवत कापताना बूट घालणे, सरपण वा पेंढा उचलण्यापूर्वी काठीने हलविणे या साध्या सूचनांमागील शास्त्र मायावरणाचेच आहे. जो प्राणी दिसणार नाही असे गृहीत धरावयाचे, त्याच्यासाठी डोळ्यांवर विसंबणे पुरेसे नसते.

अध्यापनातील उपयोग :

महाविद्यालयीन स्तरावर हा विषय अल्प खर्चात प्रत्यक्ष शिकविता येतो. कणकेच्या किंवा मातीसारख्या मऊ पदार्थाच्या हिरव्या व तपकिरी कृत्रिम अळ्या करून त्या बागेतील हिरव्या पानांवर, खोडांवर आणि सिमेंटच्या कठड्यावर समान संख्येने ठेवाव्यात. ठराविक काळाने चोचीच्या व दातांच्या खुणा मोजाव्यात. अशाच कृत्रिम अळ्या वापरून जगभरातील ३१ ठिकाणी केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि विषुववृत्ताकडे भक्षणाचे प्रमाण वाढते, असे त्यातून दिसले. या प्रयोगात प्राणिशास्त्राबरोबर संख्याशास्त्रातील परिकल्पना-परीक्षण, भूगोलातील भूमिवापर-नकाशा आणि मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी प्राणिनामांचा संग्रह यांना जागा आहे. ढोकरी, वंचक, निवटी, लेप, हरणटोळ यांसारखी नावे कोळी, आदिवासी, कुपारी व अन्य स्थानिक समाजांच्या निरीक्षणातून टिकून आहेत. एकच प्राणी कोणत्या बोलीत कोणत्या नावाने ओळखला जातो आणि त्या नावात त्याच्या लपण्याची कोणती खूण आहे, याची नोंद विद्यार्थी करू शकतात.

हाच प्रयोग प्रतिवर्षी त्याच जागी, पावसाळ्यात व उन्हाळ्यात केल्यास परिसरातील बदलाचा क्रमवार पुरावा महाविद्यालयाजवळ जमा होईल. निरीक्षण करताना अंडी वा अळ्या हाताळू नयेत आणि घरट्याजवळ वारंवार जाऊ नये. पायवाट पडली की कावळे व कुत्री तिचा माग काढतात आणि अभ्यासकच त्या घरट्याचे मायावरण नष्ट करतो.

समारोप :

मायावरणाचे सर्व प्रकार एकत्र पाहिले असता एक सूत्र स्पष्ट होते. टिटवीच्या अंड्याचा अर्धा भाग खड्यांत आहे, रातव्याच्या पिसांचा अर्थ पानगळीत आहे आणि बॅरनची अळी आंब्याच्या पानावाचून अपुरी आहे. त्यामुळे जाती वाचवून अधिवास गमावणे, हा संरक्षणाचा पर्याय ठरू शकत नाही. अभयारण्याच्या सीमेत बिबट्या राखला जाईल. परंतु ओसाड वाटणारा माळ, पडीक खाजण, न झाडलेला पालापाचोळा आणि शेताचा कच्चा बांध यांना 'रिकामी जागा' मानले गेले तर त्यांच्या रंगात मिसळलेले जीव नकळत नाहीसे होतील. जे मुळातच दिसत नव्हते, त्यांचे नसणेही कोणाच्या ध्यानात येणार नाही. विकास आराखड्यातील रिकाम्या जागेवर बांधकामाची खूण करण्यापूर्वी ती जागा वर्षातील दोन्ही ऋतूंत एकदा तरी नीट पाहिली जावी, एवढी किमान अपेक्षा या विवेचनातून पुढे येते. असे पाहण्याचे शिक्षण देण्याची जबाबदारी परिसरातील महाविद्यालयांना घेता येण्याजोगी आहे.